शून्याचा रकाना

नान्नजच्या लपणाला तीन भोकं आहेत.
एकातून पाणवठा दिसतो,
दुसऱ्यातून गवत,
तिसऱ्यात गांधीलमाशीनं घर केलंय,
ती बाजू आम्ही तिला सोडून दिलीय.

सकाळी साडेपाचला मी वही उघडते.
काळवीट : चौदा. खोकड : एक, लंगडतं.
धाविक : पाच. धावून थांबतात, थांबून विसरतात
कशासाठी धावलो ते.
मग नर, मादी, पिल्लू :
माळढोकाचे तीन रकाने छापूनच येतात पुण्याहून
आणि मी तीनदा तेच लिहिते.
तोडकरी साहेब म्हणतात, रेघ मारू नकोस, शून्यच काढ.
रेघ म्हणजे कुणी पाहिलंच नाही.
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.

माझा बाप, लालमन काळे,
ह्याच माळावर घोड्याच्या केसांचे फासे लावायचा.
तित्तर, लावे. ढोकाला कधीच नाही, असं तो म्हणतो.
आई म्हणायची, एकदा.
मग सरकारनं त्यालाच पहाऱ्यावर ठेवला,
कारण अंडं कुठे असेल ते
त्याच्या तळपायांना कळायचं :
एकच अंडं, उघड्यावर, ना घरटं ना काडी,
ढेकळाच्या रंगाचं.
तिथे तो काठी रोवायचा नाही.
खूण केली की कुत्र्यालाही वाचता येते, म्हणायचा.
नुसता लक्षात ठेवायचा.
बत्तीस वर्षांची अंडी त्याच्या डोक्यात आहेत,
कुठल्याच वहीत नाहीत.

आता डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही.
संध्याकाळी बाजेवर बसून विचारतो,
"हाक?"
मी मान हलवते.
तो उजवा कान मार्डीकडे फिरवतो.
तिकडे बोअरची गाडी जमीन फोडत असते,
आणि म्हणे विजेच्या तारा गुणगुणत असतात.
मला नाही ऐकू येत ते. त्याला येतं.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी डेहराडूनहून दोन पोरं आली.
एक पेटी, चार कर्णे,
पेटीत एका नराची हाक भरलेली.
असलाच कुठे एखादा, तर उत्तर देईल.
पहाटे सगळे गवतात पालथे पडलो. बापही.

हूंम्म...

विहिरीत कुणी रिकामी घागर सोडावी तसं.
चंडोल गप्प. काळविटांच्या माना वर.
बाप उठून बसला, धोतराची कुसळं काढत म्हणाला,
"हा आपल्याकडचा नाही."
पोरं हसली. मग एकानं फाईल चाळली
आणि हसू गिळलं. जैसलमेरचा आहे, काका.
"वाळूत वाढलेला. आवाज कोरडा.
आपला खालून यायचा, ओल्या मातीतून.
रात्री परक्यानं दार वाजवलं
तर कडी काढता का तुम्ही?"

पेटी बंद झाली.
मग त्यानं गळा फुगवला.
सत्तरीचा माणूस, डोक्याला टॉवेल,
मानेच्या शिरा दोरखंडासारख्या,
आणि जे आलं
ते मी लहानपणी झोपेत ऐकलेलं होतं.
मला वाटायचं, पक्षीच तो.

ही हाक कुठे शिकलास, का शिकलास,
मी विचारलं नाही.
आईचं ते "एकदा"
माझ्या पोटात फिरून गेलं.

त्यानं तीनदा बोलावलं. प्रत्येक हाकेनंतर
उजवा कान पुढे करून थांबला,
बसस्टँडवर शेवटच्या गाडीसाठी माणूस थांबतो
इतका वेळ.
गवत हललं. वारा होता.

पोरांनी त्याचीच हाक पेटीत भरून घेतली,
नीट नाव विचारून वर लिहिलं : लालमन काळे, नान्नज.
आता ती कुठल्या कुठल्या माळांवर वाजेल.
बापाला हे सांगितलं तर म्हणाला,
"माझं ऐकून आला एखादा,
तर त्याला सांगणार काय?"

त्या दिवशी वहीत तीन शून्यं काढली.
चौथं समासात, कुठल्याच रकान्यात नाही असं,
काढता काढता अर्धंच राहिलं.
तोडकरी साहेबांनी बोट ठेवलं : हे काय?
म्हटलं, रिफिल संपली.